रेसिडेन्सीचे आणखी सहा महिने

६ जानेवारी
नवी बॅच आली. नुकत्याच पास झालेल्या पाच नर्सेस. गेल्या वर्षीची बॅच सहा महिन्यांत पांगली, त्यात माझी काही चूक नव्हती. नव्या नर्सेसना कामात मुरवायचा जो कार्यक्रम मी चालवतो, ती रेसिडेन्सीच तोकडी होती. नव्या पोरींना हाताला धरून शिकवायचं तर वर्ष हवंच. केली वर्षाची. आता टोलिडो शहरभर नाव होणार.

११ मार्च
दोघी गेल्या. एक म्हणाली, बारा तास उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्या वर्गाला यायचं, मग झोपायचं कधी? मुद्दा रास्त आहे. ‘झोपेचं नियोजन’ असा नवा तास घातला. तोही सुट्टीच्याच दिवशी, कारण कामाच्या दिवशी त्यांना सवड नसते.

२ मे
तिसरी गेली. वॉर्डची मुख्य नर्स लोरेन म्हणाली, गॅरी, पोरींच्या गळ्यात सात-सात पेशंट आहेत, आधी ते कमी कर. म्हटलं, बाई, ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात पिझ्झा आहे. मागवला. खाली येऊन खायला कुणाला वेळच झाला नाही. बराचसा मीच संपवला. उद्यापासून डाएट.

१९ ऑगस्ट
चौथी गेली. उरली टेसा. रेसिडेन्सी आणखी सहा महिने वाढवली आणि टेसाला ही आनंदाची बातमी स्वतः जाऊन दिली. ती नुसती बघत राहिली. गहिवरली असावी.
वरून निरोप आलाय, हीसुद्धा गेली तर कार्यक्रम बंद. पण त्याचं जाऊ दे. पोरगी गुणी आहे. वॉर्डातल्या म्हाताऱ्या तिलाच हाका मारतात. ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ
वॉर्डात माणसं कमी. माझं नर्सिंगचं लायसन अजून चालू आहे म्हणून मलाच उभं केलं. किती वर्षांनी.
सकाळी टेसाला धीर द्यावा म्हणून म्हटलं, आज वॉर्ड कसा शांत आहे. सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या. लोरेननं कपाळावर हात मारला. ‘शांत’ हा शब्द ड्युटीवर तोंडातून काढला की वॉर्ड उलटतो, हे मी साफ विसरलो होतो. पुढच्या तासाभरात एकाचा श्वास अडकला, एक आजोबा पलंगावरून पडले, आणि तिसऱ्याची मुलगी माझ्या अंगावर ओरडत होती. तिचं बरोबर होतं.
दुपारी सामानाच्या खोलीत जाऊन रडलो. टेसा आली. सफरचंदाचा रस आणि बिस्किटं माझ्या हातात दिली. म्हणाली, होतं असं, मी पण इथेच येते. चला, सात नंबरचं सलाईन संपलंय.
निघताना तिनं सांगितलं, राजीनामा दिलाय. मी म्हटलं, थांब गं, निदान रेसिडेन्सी तरी पूर्ण कर. तिनं शांतपणे विचारलं, उद्या तुम्ही येणार का वॉर्डात?
मी म्हटलं, उद्या मला मीटिंग आहे.
उद्या मला कसलीही मीटिंग नाही.