निकाल आजपासून लागू

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार. माझा खोकला गेला, काळजी नको.

आपण जिंकलो. मुलाचा ताबा आधी बापाकडेच, हे कलम घटनेविरुद्ध ठरवून न्यायालयाने आज रद्द केलं.

पुढचं बातम्यांत सांगणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. निकाल आजपासून लागू. ज्यांची मुलं आधीच बापाकडे गेली, त्यांची प्रकरणं पुन्हा उघडायची नाहीत.

मी उभी राहून विचारलं, "मग जिने हा खटला लढवला, तिचा मुलगा?"

न्यायमूर्ती हळूच म्हणाले, "वकीलबाई, कुठेतरी रेघ ओढावीच लागते." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

बाहेर सगळे एकमेकांच्या गळ्यात पडत होते. आमचे वरिष्ठ म्हणाले, "तुझ्या बहिणीचं नाव कायद्याच्या पुस्तकात कायमचं गेलं."

मी म्हटलं, "तिला पुस्तक नको होतं, पोरगं हवं होतं."

तू नीट जेवतेस ना? आईचा रक्तदाब कसा आहे? तिला काय सांगायचं ते तू ठरव. पण जिंकलो म्हणून ती टिल्लूची गादी उन्हात टाकायला निघाली, तर तिला थांबव.

तुझ्यासाठी काहीच करू न शकलेली,
धाकटी