धुण्यागणिक मऊ

आर्णी,
रविवार, ३ डिसेंबर २००६

चि. क्षितिज,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. अक्षर ओळखलंस ना? घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. मी ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. अंगणातल्या पपईला यंदा इतकी फळं लागली की मला पिशवी घेऊन येताना बघितलं की शेजारी दार लावून घेतात. शाळेतून रिटायर होऊन आठ महिने झाले. पहिला महिना तर मी सकाळी साडेदहाला उगाच साडी नेसून तयार बसायचे.

हल्ली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असतं आणि बातमी कधीच चांगली नसते. तू कृषी सहायक, दिवसभर तेच बघत असशील. म्हणून मुद्दाम एक चांगली बातमी कळवते. इथल्या मथुराबाईंच्या बचत गटाला बंगलोरच्या एका दुकानानं एकशे चाळीस गोधड्यांची ऑर्डर दिली! मथुराबाई आधी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. जिनिंग बंद पडलं तशा त्या रडत बसल्या नाहीत, अकरा बायका जमवल्या आणि गोधड्या शिवायला बसल्या.

दुकानाला प्रत्येक गोधडीला इंग्रजी चिठ्ठी लावून हवी होती. मथुराबाई माझ्या दारात आल्या. "बाई, तुमी इंग्रजीवाल्या. येवढं लिवून द्या ना." मी लिहून दिलं, 'सॉफ्टन्स विथ एव्हरी वॉश'. धुण्यागणिक मऊ होत जाते. अर्थ ऐकून त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "हे सॉफ्टन आनखी कुठं कुठं लागते?"

झालं! एकतीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फळा-खडू घेऊन त्यांच्या ओसरीवर हजर.

काय मजा आली म्हणून सांगू! मी सांगितलं, लोणी सॉफ्टन होतं, उन्हात डांबर सॉफ्टन होतं. वाईट बातमी सांगायची तर ती सॉफ्टन करून सांगतात. रागावलेल्या माणसाचा आवाज सॉफ्टन होतो, डोळे होतात. मग म्हटलं, आता तुम्ही वाक्यं करा. लीलाबाई टाका घालता घालता म्हणाल्या, "माही सासू सॉफ्टन होत नाही. लिवा, बाई." सगळ्या इतक्या हसल्या की दोघींच्या सुया हरवल्या. त्या शोधण्यातच अर्धा तास गेला.

त्या शिकतात तशी मीही शिकते आहे. मी एक गोधडी शिवायला घेतली. दोन्हीकडून नवं मांजरपाट आणि आत आईची दोन जुनी लुगडी. माझे टाके बघून मथुराबाई म्हणाल्या, "बाई, हे उसवा." उसवलं. पुन्हा शिवलं. "हेबी उसवा." तुला आठवतं, वहीत चुका फार झाल्या की मी मार्क न देता खाली लाल शाईनं नुसतं 'भेटा' लिहायचे? पोरं त्या शब्दाला छडीपेक्षा जास्त भ्यायची. माझ्या गोधडीची अवस्था तशीच होती.

कोणासाठी शिवते ते सांगायचं राहिलं. जरा थांब, सांगते.

ओसरीवरच्या त्या वर्गात माणसाच्या मनाचं वाक्य अजून फळ्यावर आलं नव्हतं. मी खडू उचलला आणि विचार न करता लिहिलं, 'आय नो युअर हार्ट विल सॉफ्टन'. मोठ्यानं वाचलं, अर्थ सांगितला. तुझं मन मऊ होईल, हे मला ठाऊक आहे. मथुराबाईंनी सुई थांबवली.

"हे वाक्य तुमचं नोय वाटत, बाई. कोनाचं हाये?"

"माझ्या भावाचं."

"मंग? झालं का?"

मी फळा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

क्षितिज, तुझं ते पत्र माझ्याकडे नाही. मीच ते परत पाठवलं. पण ते वाक्य मला पाठ आहे. तू अमरावतीला होस्टेलवर गेलास तेव्हा नियम मीच केला होता, ताईला पत्र इंग्रजीत लिहायचं आणि ताई ते तपासून परत पाठवणार. लग्नाचं पत्रही तू इंग्रजीत लिहिलंस. ताईला बरं वाटावं म्हणून लिहिलंस. उर्वशीबद्दल सात पानं होती. ती गणित किती छान शिकवते, हसते कशी, तिच्या वडिलांनी तुला काय काय विचारलं. आणि मी काय केलं? लाल पेन काढलं, तेवीस चुका काढल्या, दहापैकी चार मार्क दिले आणि पोस्टात टाकलं. उत्तर म्हणून एक ओळ नाही. त्या वाक्याला तर गोल करून बाजूला लिहिलं, 'चुकीचा वापर'.

वापर बरोबर होता. तेव्हाही मला ते माहीत होतं.

आणि खरं कारण चुका नव्हत्याच. मुलगी बौद्ध घरातली आहे, हे मला खुपलं. वर्गात पोरांना समतेचा धडा शिकवायचे आणि घरी येऊन मी हे केलं. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. लाज वाटते रे. तू चिडला असतास तर मी भांडले असते. तू गप्प राहिलास, आणि ते बरोबरच केलंस. त्या पत्राखाली मी निदान 'भेटा' लिहायला हवं होतं. तू आला असतास. तू नेहमीच यायचास.

आपल्या गल्लीतला डोमाजी आता तुमच्या पांढरकवडा-मारेगाव गाडीवर कंडक्टर आहे. त्याच्याकडून तुमची बातमी मिळते. तुझी मुलगी भैरवी चार वर्षांची झाली, खिडकीशीच बसते आणि तिकीट स्वतःच्याच हातात धरते, असं तो सांगतो. गोधडी तिच्यासाठी आहे. नव्या कापडात खळ असते, अंगाला टोचते. म्हणून मी ती सात वेळा धुतली आहे. आता मथुराबाईंनीसुद्धा गालाला लावून बघितली आणि पास केली.

मला तुम्हाला भेटायचं आहे. तिघांनाही, आणि आधी उर्वशीला. तिची माफी मला तिच्या समोर बसून मागायची आहे. मी येऊ का? हे पत्र तू तपासून परत पाठव. लाल शाई वापर. मार्क किती द्यायचे ते उर्वशीला ठरवू दे, गणित तिचं आहे.

वाट बघणारी,
ताई


आर्णी,
मंगळवार, १९ डिसेंबर २००६

चि. क्षितिज, चि. सौ. उर्वशी आणि चि. भैरवी,

काल पोस्टमन जाड पाकीट देऊन गेला. उघडलं तर आत माझंच पत्र, सोबत तुझी वेगळी चिठ्ठी नाही. मी तिथेच पायरीवर बसले. म्हटलं, संपलं, तुझं हेच उत्तर. एकेक पान उलटलं. कुठेच चूक काढलेली नाही. 'लाज वाटते रे'च्या शेजारी लाल खडूनं कोणीतरी गोल गोल काढून मध्ये दोन डोळे काढले आहेत. ती मी आहे की मांजर, ते भेटल्यावर विचारेन.

आणि शेवटच्या पानाखाली, मार्कांच्या जागी, लाल शाईतला तो एकच शब्द. त्याखाली तुझी सही आणि तुझ्या सहीखाली उर्वशीची, आकडे मांडावेत तशी सरळ.

मी रडले, मग हसले, मग तसंच पत्र घेऊन धावत ओसरीवर गेले. मथुराबाईंना वाचता येत नाही, तरी त्यांनी पान हातात घेऊन नीट बघितलं. "झालं ना मंग?" म्हणाल्या. मी म्हटलं, "झालं."

रविवारी पहिल्या गाडीनं निघते. पांढरकवड्याला बदलेन, पुढे डोमाजीची गाडी आहे. सोबत गोधडी आणि चार पपया. दार लावून घेऊ नका.

आयुष्यात पहिल्यांदा 'भेटा' असा शेरा मिळालेली, आणि न भिता हजर होणारी,

तुमची ताई