माझ्या पश्चात माझ्या नावाने कोणी लिहू नये

ज्याने वाणी दिली आणि ती आवरण्याची बुद्धीही दिली, त्या दयाघनाच्या चरणी मस्तक ठेवतो. आणि निदान या शेवटच्या लेखात हातून चूक राहू नये, एवढे मागून मूळ विषयाकडे वळतो.

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक, विधुर, जाहीर करतो की शरीर थकले असले तरी माझे मन सावध आहे. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्या दडपणाविना, स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वीचे कागद रद्द समजावेत. कोणाच्या फोनवर माझ्या नावे फिरणारा मजकूर माझ्या हस्ताक्षराशी ताडून पाहिल्यावाचून माझा मानू नये.

कलम पहिले. राहता वरचा मजला, बँकेतील ठेव व घरातील चीजवस्तू माझ्या मुलास मिळाव्यात. तो गुणी आहे. घरातील सर्व किल्ल्या मी त्याच्या हाती निर्धास्तपणे देतो, एक सोडून. तिचे कारण पुढे येईल.

कलम दुसरे. माझा शब्दकोश, ‘विसावणे’ या शब्दापाशी खूण घालून, माझ्या धाकट्या भावास द्यावा. गेल्या वर्षी मी महिनाभर मौन धरले, तेव्हा माझ्या अनुदिनीवर, म्हणजे लोक ज्याला ब्लॉग म्हणतात तेथे, लिहिले होते: “आजपासून माझी वाणी विसावत आहे.” भावाने फोनवरच्या नातलगांच्या समूहात कळवले, “दादाची वाणी विसावली.” पुढे कोणास ‘वाणी’ हा शब्द जादा वाटला असावा, कारण दुपारपर्यंत “दादा विसावले” असे झाले आणि खाली बासष्ट जणांचे जोडलेले हात उमटले. त्यांत भावाचेही होते. तो माझ्या खालच्याच मजल्यावर राहतो, आणि त्याच सकाळी माझी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला म्हणून त्याने छताला काठी ठोकली होती.

मौन सुटल्यावर मी विचारले, “अरे, तू कशाला हात जोडलेस?”

“दादा, सगळ्यांनी जोडले. मी एकट्यानेच नाही जोडले, तर बरं दिसलं असतं का?”

“वर येऊन बघायचंस तरी!”

“गुडघे, दादा.”

गुडघ्यांना मी क्षमा केली आहे. भावाने कोश वाचावा.

कलम तिसरे, वाचकांविषयी. अकरा वर्षे मी अनुदिनीवर पोथीतील एकेका ओवीची टीका लिहीत आलो. रोज तीनशे वाचक येतात असे तेथील आकडा सांगतो. मुद्रितशोधकाचा आकड्यावर विश्वास नसतो. म्हणून एकदा लेखाच्या मधोमध मी लिहून ठेवले: “हे वाक्य जो वाचील, त्याने खाली केवळ ‘चूक’ असे लिहावे.” सत्तर जणांनी ‘अप्रतिम’ लिहिले. एकाने लिहिले, “चूक. शिवाय आणखी दोन आहेत.” हा ‘शंकासुर’ नावाने लिहिणारा, वर्षानुवर्षे माझ्या प्रत्येक लेखाला आडवा जाणारा इसम. तो माझा छापखान्यातील जुना प्रतिस्पर्धी असावा, असा माझा दाट संशय होता. तो संशय मी येथे मागे घेतो.

कारण ती बातमी अनुदिनीवरही पोचून माझी श्रद्धांजली चालू असता, मौनाच्या तिसऱ्या दिवशी दार वाजले. उघडतो तो साठीची एक बाई, औषधांच्या दुकानातला पांढरा कोट अजून अंगावर.

“मी शंकासुर. आहात ना?”

मी मान हलवली.

“वाटलंच मला. आयुष्यभर दुसऱ्यांची व्याकरणं तपासणारा माणूस मेल्यावर ‘विसावत आहे’ लिहील? ‘विसावलो’ लिहील. बरं, तोंड बंद आहे तर बसा आता. चारशेचौथ्या ओवीचा अन्वय साफ चुकवलाय तुम्ही.”

ती दोन तास बोलली. माझ्याकडे उत्तर होते आणि व्रतही होते. अशी तपश्चर्या मला पूर्वी घडली नव्हती.

कलम चौथे. पोथीच्या सात ओव्या उरल्या आहेत. मुलगा मध्यंतरी म्हणाला, “बाबा, तुमचे सगळे लेख यंत्राला दिले ना, की ते हुबेहूब तुमच्यासारखं लिहील. उरलेल्या ओव्याही होतील पुऱ्या. कुणाला कळणारसुद्धा नाही.” तो प्रेमाने बोलला. त्याने नमुनाही दाखवला. भाषा माझी होती, माझे लाडके अर्धविरामसुद्धा होते. परंतु लिहिताना कोठे हात अडखळला असेल, असे एकही स्थान मला त्यात सापडले नाही. ते माझ्या नावाने निघाले, तर तेच सत्तर जण ‘अप्रतिम’ लिहितील, आणि पोथीच्या अर्थात पडलेली ती भर माझ्या माथी, ईश्वरासमोर, कायमची राहील.

म्हणून, कलम पाचवे. अनुदिनीचा परवलीचा शब्द, म्हणजेच ती राखून ठेवलेली किल्ली, बंद पाकिटात आहे. तो मुलास न देता शंकासुर बाईंस द्यावा. त्यांनी प्रथम माझा देह स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, समूहावर विसंबू नये. मग मृत्यूची तारीख लिहून अनुदिनी बंद करावी. सात ओव्यांची जागा कोरी राहावी.

हे कलम मी त्यांना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “करीन बंद. पण जागा नुसती कोरी ठेवली तर लोक म्हणतील, वेळ पुरला नाही बिचाऱ्यांना. तुम्हाला त्या सात ओव्यांचा अर्थ लागलाच नव्हता, हे मी लिहिणार.”

मी रात्रंदिवस त्या ओव्यांपुढे तीन वर्षे बसलो आहे, हे मुलासही ठाऊक नाही. बाईंनी तसे अवश्य लिहावे. ते खरे आहे.

हे वाचणाऱ्या, ऐकणाऱ्या, आणि यात ज्यांच्याविषयी माझ्याकडून वाकडे लिहिले गेले, त्या सर्वांचे प्रभू कल्याण करो.

स्थळ: माझी अभ्यासिका, वरचा मजला
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार
(सही) लिहून ठेवणार, स्वहस्ते

साक्षीदार, ज्यांनी सहीपूर्वी संपूर्ण मजकूर माझ्यासमोर वाचला:
१. (सही) शेजारचे शिंपी
२. (सही) वाचनालयाचे ग्रंथपाल; यांनी दोनदा वाचला, कारण पहिल्या वेळी पान फार लवकर उलटले

सर्वांस सद्बुद्धी लाभो, सर्वांचे मंगल होवो.