चेकरची सून विनातिकीट

धारगळ, पेडणे
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गौरवी हिस,
अ. उ. आ. आणि सोबत एक टपली, कारण गेल्या खेपेचा डबा तू न घासता पाठवलास.

पत्र बघून दचकू नकोस. सासूने सुनेला पत्र लिहायचे दिवस राहिले नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. पण करू काय? तुला फोन लावला की हे असतील तिथून येतात आणि स्पीकर लावायला सांगतात. म्हणे कानाने कमी ऐकू येतं. आमटीत मीठ जास्त पडल्याचं मी शेजारणीला कुजबुजले, तर ते मात्र परसातून ऐकू आलं. तेव्हा यापुढे आपलं खासगी टपाल तुझ्या मैत्रिणीच्या हातून. विनिता पोर गुणी आहे. तुमच्याच विमान कंपनीत, घर डिचोलीला, येता-जाता इथे चहाला थांबते. डब्यात नेवऱ्यो आहेत आणि तळाला, केळीच्या पानाखाली, मी.

आता मुद्दा. काल चहात उंडो बुडवता बुडवता यांनी विचारलं, सून सारखी बंगळूरहून येते आणि जाते, तर तिकिटाचं काय करते? मी म्हटलं, कंपनी बघते. बघते म्हणजे तिकीट देते का, असा दुसरा प्रश्न. मी हो म्हणून मोकळी झाले. खोटं बोलले का गो मी? श्रीनाथ मागे सांगत होता की तू कसल्याशा घडीच्या खुर्चीवर बसून येतेस आणि हातात तिकीट नसतं. नवऱ्याला बायकोबद्दल इतकंच ठाऊक असतं, म्हणून तुलाच विचारते.

तुझे मामंजी जन्मभर बसचे चेकर. माझ्या सख्ख्या भावाला यांनी कोलवाळच्या पुलाजवळ भर उन्हात खाली उतरवलं होतं, तेही आमचं लग्न ठरलेलं असताना. लग्नातल्या फोटोत भाऊ अजून तोंड फिरवून उभा आहे. तेव्हा ती खुर्ची काय प्रकार आहे ते मला समजेल असं लिही. नीट ठाऊक असलं तर नीट खोटं बोलता येतं.

श्रीनाथची नर्सरी बरी चालली आहे. हायवेवरचे पर्यटक अबोलीची रोपं नेतात आणि गाडीतच सुकवतात. तब्येत सांभाळ, आणि माया आहे तेवढीच राहू दे.

तुझी सासू,
कमलाक्षी


बंगळूर
१५ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि. डबा घासला आहे. हवं तर हुंगून बघा.

नेवऱ्यो निम्म्या विनितानेच वाटेत संपवल्या. पत्र मात्र पोचलं, थोडं तुपकट होऊन.

तर ती खुर्ची. विमानाच्या दाराजवळ भिंतीला चिकटलेली असते, तिला आम्ही जंपसीट म्हणतो. विमान उडताना आणि उतरताना कामावरच्या मुलींनी तिथे पट्टे आवळून बसायचं. त्यातली एखादी कधी रिकामी असते. आमच्यातल्या पुष्कळ जणींचं घर एका गावाला आणि ड्युटी दुसऱ्या गावाहून. आम्ही आधी कंपनीत नाव नोंदवतो. प्रवाशांची जागा उरली तर ती मिळते. नाही उरली, तर कॅप्टन हो म्हणाला तर ती घडीची खुर्ची. आणि आमच्याहून गरजेचं कुणी आलं की उठायचं, हसत हसत. परवा माझ्या डोळ्यांसमोर दोन विमानं गेली आणि मी गेटपाशी तुमच्या चटणीचा वास घेत बसून राहिले.

त्या बैठकीला गादी म्हणावी तर पापड बरा. मागच्या खुर्चीवर शेजारी संडासाचं दार. एका गृहस्थांनी मला तिथलीच बाई समजून साबण संपल्याची तक्रार केली. मी आत जाऊन साबण भरून आले, वाद कोण घालत बसणार? उठलं की ती खुर्ची फाटकन मिटते. एकदा माझी ओढणी तिच्यात अडकली आणि कॅप्टनला गुड मॉर्निंग मी भिंतीला बांधल्यासारखीच म्हटलं.

म्हणजे आई, मी विनातिकीट नाही, आणि तिकीटही नाही. हे बाबांच्या वहीत कुठे बसणार? तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलू नका. पण एवढ्यात खरंही बोलू नका. पुढच्या महिन्यात विमानातल्या मुलींची इन-चार्ज होण्यासाठी माझी मुलाखत आहे. तोवर एकही ड्युटी चुकून चालणार नाही. हे येणं-जाणं बंद झालं तर मला इथेच कायमची खोली घ्यावी लागेल आणि चवथीला, शिगम्याला पाहुणीसारखं यावं लागेल. श्रीनाथ संध्याकाळी रोपांशी बोलतो म्हणे. ती उत्तरं द्यायला लागायच्या आत मला घरी यायचं असतं.

विनिताला किसमूर देऊ नका. सुक्या सुंगटांच्या वासाने मागच्या वेळी आख्खं विमान मागे वळून बघत होतं. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली,
गौरवी


धारगळ
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गौरवी हिस,
अ. उ. आ. बस आधी, मग वाच.

फुटलं सगळं. विनिता चहाला आली. यांनी अगदी मायेने विचारलं, प्रवास कसा झाला बाय, जनेलाकडची जागा मिळाली का? ती म्हणाली, कसलं जनेल नि कसली खिडकी काका, मी आणि गौरवी जंपसीटवाल्या, आम्हाला कुठलं तिकीट! मी मेजाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने आई गं म्हटलं आणि पुढे सांगतच राहिली. कॅप्टनला कसं विचारायचं, कुठली खुर्ची कमी दुखते, सगळं. हे बशी खाली ठेवून ऐकत होते. शेवटी तिला वाटेतल्या खर्चाला म्हणून दोन केळी दिली. यांचा एवढा गोडवा बघून तेव्हाच मी ओळखलं, वादळ येणार.

ती गेल्यावर श्रीनाथला बोलावलं. म्हणाले, चेकरची सून विनातिकीट फिरते हे धारगळभर झालं तर मी बाजारात कुठल्या तोंडाने जाऊ? दर खेपेला रीतसर तिकीट काढायचं, नाहीतर तिने नोकरी सोडायची. श्रीनाथने कॅप्टनच्या परवानगीचं सांगितलं. तर म्हणाले, ड्रायव्हरच्या परवानगीने बसलेले मी पुष्कळ उतरवले आहेत. श्रीनाथने आवाज चढवला. आमच्या घरात पहिल्यांदाच. मला भीती वाटली, पण आतून बरंही वाटलं.

दोन दिवसांनी यांनी जाहीर केलं की पुढच्या गुरुवारी बेळगावला जुन्या सोबत्याला भेटायला जातो. गुरुवार म्हणजे पाच तारीख, तू सुट्टी संपवून परत जाणार तोच दिवस. यांना वाटतं मी दुधखुळी. साईशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन यांनी मोपाच्या विमानतळावरून बंगळूरचं तिकीट काढलं, तुझ्याच विमानाचं. साईशची आई माझ्या भजनात आहे, अभंगाच्या दोन कडव्यांमधे तिने सगळं सांगितलं. अगो, हे तुला रंगेहाथ पकडायला येणार! जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार, तेही ड्युटी म्हणून.

माझं ऐक. तू सुट्टीला ये, नेहमीसारखी वाग, नेहमीसारखी जा. तुला काही ठाऊक नाही. मलाही नाही. मामंजींना त्यांच्या डोळ्यांनी काय बघायचं ते बघू दे. आणि तिथे त्यांनी सगळ्यांसमोर तमाशा केलाच, तर मला कळव. बेळगावहून परत आल्यावर जेवण कोण वाढतं ते बघू.

धीर धर, आणि सासूवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
कमलाक्षी


बंगळूर
६ डिसेंबर २०२४

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र एकटी असताना वाचा. मला हसू आणि रडू एकदम येतंय, तुमचंही तेच होईल.

श्रीनाथने मला मोपाला सोडलं. विमान भरलेलं होतं, पण मागची घडीची खुर्ची मोकळी होती आणि कॅप्टन हो म्हणाले. मी मागे गेले, तर अगदी शेवटच्या रांगेत, वाटेकडेच्या जागेवर बाबा! दुपारच्या उकाड्यात माकडटोपी आणि काळा चष्मा. पण आई, ती मिशी कुठे लपणार? मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. खुर्ची खाली ओढून बसले. आमच्यात दोन हातांचं अंतर. ते मान वळवून बघत होते आणि मी विमानाच्या नियमांचा कागद पाठ करत होते. कामावरच्या तेजस्विनीने त्यांना पाणी हवं का विचारलं, तर म्हणाले, नको, मी कामावर आहे.

दार बंद व्हायच्या आधी निरोप आला. बंगळूरहून पुढच्या विमानावर जाणारी दोन माणसं ऐनवेळी आली होती, ड्युटीवरची. एकाला न आलेल्या एका प्रवाशाची जागा आणि दुसऱ्याला माझी खुर्ची. मी उतरायचं. रात्रीचं विमानही भरलेलं होतं, आणि आज पहाटे माझी ड्युटी. चुकली असती तर मुलाखत गेली. पण यात बोलायला जागा नसते. मी पट्टे सोडले, उठले, खुर्ची फाटकन मिटली, आणि मी बॅग काढायला लागले. तेजस्विनीचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, होतं गं असं.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. म्हणाले, मला उतरायचं आहे, माझी जागा हिला द्या. तेजस्विनीने विचारलं, काका, बरं वाटत नाही का? म्हणाले, मी ठणठणीत आहे. मग का उतरता? त्यावर म्हणाले, हिला तिथे काम आहे, मला नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाबा म्हणून हाक मारावी असं इतकं वाटलं, पण त्यांनी एवढी टोपी घालून केलेलं सोंग मी कसं मोडू? मी थँक्यू काका म्हटलं. ते म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, बसून घ्या. मला अहो-जाहो!

खालची माणसं आली, विचारपूस झाली, त्यांची पिशवी तपासली. वेळ लागला तसे प्रवासी कुरकुरले. बाबा मात्र सावकाश दाराकडे गेले, आणि जाताना प्रत्येक रांगेत डावीकडे-उजवीकडे लोकांच्या हातांकडे बघत गेले. सवय. मी त्यांच्या जागेवर बसले. ती अजून गरम होती. विमान उडेपर्यंत मी तोंडावर रुमाल धरून बसले होते.

घरी काय झालं ते लवकर कळवा. ते पोचले ना नीट? तुमची आठवण येते, माझीही काढत जा.

आपली,
गौरवी


धारगळ
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. गौरवी हिस,
अ. उ. आ. आणि दृष्ट काढून टाकलेल्या मिरच्या, तुझ्या नव्हे, यांच्या.

बेळगावचा माणूस त्याच दिवशी संध्याकाळच्या बसने घरी. म्हणाले, सोबती गावाला गेला होता. मी विचारलं, बेळगावात हवा कशी? म्हणाले, थंडी फार, म्हणून तर टोपी. मी पदर तोंडात कोंबून चुलीकडे वळले. तेव्हा मला काय घडलं ते ठाऊक नव्हतं, एवढंच कळलं की तमाशा झालेला नाही, कारण जेवताना दोनदा हुमण मागून घेतलं. मग हात धुता धुता श्रीनाथला म्हणाले, सुनेच्या प्रवासाचा विषय मी बंद केला आहे, तूही परत काढू नकोस. कारण विचारायची श्रीनाथची छाती झाली नाही.

नंतर तुझं पत्र आलं. मी ते तुळशीपाशी बसून वाचलं आणि बसूनच राहिले. अगो, या माणसाने जन्मभर लोकांना उतरवलं. माझ्यासाठी कधी बाकावर सरकून जागा केली नाही. सांगायचे, नियमाप्रमाणे उभं राहा. आणि तुझ्यासाठी पहिल्या-वहिल्या विमानातून उतरून आले, वर एक शब्द नाही! दोन दिवस मी यांच्याकडे नव्याने बघते आहे. चहा मागायच्या आधी देते. काल तर मासळीवालीकडून इसवण घेतलं. हे संशयाने बघतात, पण खातात.

कौतुक केलं तर सोंग उघडं पडेल, म्हणून मी गप्प आहे. तूही गप्प राहा. मुलाखतीला माझ्या पाया पडून गेलीस असं समज.

तुमच्या दोघांच्या गुपितात भागीदार,
कमलाक्षी


धारगळ
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. गौरवी हिस,
अनेक आशीर्वाद. विनिताकडून कळलं की तू इन-चार्ज झालीस. अभिनंदन.

डब्याच्या तळाशी काय काय जातं-येतं ते मला पहिल्या खेपेपासून ठाऊक आहे. तपासणीचा धंदा होता माझा. दुसऱ्यांचं वाचत मात्र नाही. आज मीही तिथूनच पाठवतो आहे, कारण फोनवर तुझी सासू ऐकत असते.

असं ऐकिवात आलं की पाच तारखेच्या विमानातून एक वयस्क गृहस्थ तुझ्यासाठी उतरले. ते कोण, याची चौकशी करू नये. माणूस अनुभवी असावा. त्याने पाहिलं ते असं. मुलगी हक्काने बसली नव्हती, परवानगीने बसली होती. ऊठ म्हटल्यावर उठली. हुज्जत नाही, ओळख सांगणं नाही, मी कोण आहे माहीत आहे का हे नाही. माझ्या नोकरीत उतरवलेला प्रत्येक माणूस निदान एका आमदाराचं नाव घ्यायचा. तेव्हा प्रकरण निकाली काढलं आहे.

एक सूचना. तुमच्याकडे कागद फक्त दारात बघतात, आत मधे कुणी फिरत नाही. वरिष्ठांच्या कानावर घाल.

आता जे लिहितो ते वाचून फाडून टाक. तुझी सासू गेले काही दिवस माझ्याशी फार बरी वागते. इसवण काय, चहा काय. तिला कुठून तरी कळलं असावं आणि ती मला मोठा त्यागी समजून बसली आहे. तिचा समज तसाच राहू दे. पण तुझ्याशी लबाडी नको. बाय, आत शिरल्यावर ती घरघर ऐकली ना, तेव्हापासून माझे पाय लटपटत होते. बस कशी, घसरली तरी रस्त्यावरच असते. उतरायला कारण काय सांगावं, हेच मी चष्म्याआडून शोधत होतो. तेवढ्यात तुला उठवलं.

तू बसून राहिली असतीस, तर मीही डोळे मिटून बसलो असतो, हेही खरं. आणि तू बॅग काढायला लागलीस, तेव्हा पाय लटपटायचे थांबले. त्यातलं भीतीचं किती आणि तुझ्यासाठी किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

पुढच्या महिन्यात बंगळूरला यायचं म्हणतो. या वेळी माझ्या शेजारी बस, टोपी घालणार नाही. तिकीट मीच काढीन, दोघांचं. फक्त जनेलाकडे तू बस.

आशीर्वाद आहेतच, थोडा धीर तूही मला पाठव.

सगुण
(सेवानिवृत्त)