खाणीच्या पाण्याला कुंपण

४ मार्च

चि. ठकीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यासारखाच, बोलून बोलून शेवटी कामाला लागतो. फोनच करणार होते, पण फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येतं.

काल दुपारी पोरांना घेऊन खाणीवर गेले, तर वाटेतच अडले. माणसाच्या उंचीचं तारेचं कुंपण आणि त्यावर पिवळी पाटी: खोल पाणी, जिवास धोका, प्रवेश बंद. खाली सुरक्षा अधिकारी म्हणून जो हुद्दा छापलाय तो वाचून पोरं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. कारण हा हुद्दा माझ्या भाचीचा आहे हे मीच त्यांना फुशारकीने सांगून ठेवलेलं. मी हसले. हसू नीट आलं नाही.

ठके, त्या पाण्याजवळ तू लहानाची मोठी झालीस. मी शाळेत खेळाच्या बाई म्हणून लागले तेव्हापासून दर उन्हाळ्यात दुपारी तिथे उभी आहे. दगड काढून झाल्यावर भिंतीत जे तीन टप्पे राहिले, त्यांना पोरांनी दिलेली नावं अजून तीच आहेत. खालचा ओटा, मधली माडी, वरची गच्ची. ओट्यावरून नवखी पोरं पाण्यात उड्या मारतात, माडीवरून तयार झालेली, आणि गच्चीवरून पाणी काठोकाठ असेल तरच, कारण तिच्या बरोबर खाली पाण्यात एक खडक पुढे आलाय. बेकरीवाल्याची थोरली गेला अख्खा उन्हाळा माझ्या मागे लागली होती की गच्चीवर चढू द्या. मी दाद दिली नाही. मुलगी निडर आहे, पण घाईची.

हात मोडले, पाठी खरचटल्या, नाही म्हणत नाही. पण घाबरत घाबरत उडी मारून वर आलेल्या पोराचं तोंड तू पाहिलं आहेस. ते तोंड तुझ्या पाटीवर कुठे मांडणार?

राग पाटीवर आहे. माया तुझ्यावर होती तिथेच आहे.

तुझी आत्या

११ मार्च

ती. आत्यास, ठकीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत आलं आणि मी ते जिन्यात उभी राहून वाचलं. आधीच सांगते, बंदीच्या हुकमावर सही माझीच आहे, आणि कुणी जबरदस्तीने करून घेतलेली नाही. तुला पाटी दिसायच्या आधी मी सांगायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

गेल्या वर्षी अशाच एका बंद खाणीत कॉलेजातला एक मुलगा बुडाला. पंचनाम्याच्या वेळी मी तिथे होते. त्याची आई त्याच्या चपला छातीशी धरून काठावर बसली होती. रडत नव्हती. मला विचारत होती की इथे कुणी पाटी कशी लावली नाही. आत्या, त्यानंतर मी एकेक खाण बंद करत सुटले. तुझी तेवढी वगळली असती, तर ती आत्याची म्हणून वगळली असं झालं असतं, आणि ते खरंच असतं.

तू म्हणशील, मी असते ना तिथे. तू असतेस म्हणूनच आजवर निभावलं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण तुला ताप आला, गुडघा धरला, तू कुणाच्या लग्नाला गेलीस, तर? पोरांचा जीव एका माणसाच्या तब्येतीवर टांगून ठेवता येत नाही. मग ते माणूस तू का असेनास.

माडीवरून मारलेली पहिली उडी मी विसरलेले नाही. कचेरीत बैठक लांबली की अजूनही कधी कधी कानाशी ती हवा लागते आणि शेजारचे साहेब काय बोलले ते ऐकायचं राहून जातं. म्हणजे मी तुला वाटते तेवढी कोरडी नाही.

गुडघ्याला लावायचं मलम वेगळं पाठवलं आहे. माझ्यावरचा राग कमी व्हायची वाट न बघता लाव.

तुझी ठकी

२० मार्च

चि. ठकीस, आशीर्वाद.

मलम पोचलं. पत्रही पोचलं. मुद्दे बिनतोड आहेत. कचेरीत तुझ्यासमोर कुणाचं काही चालत नसेल.

शिट्टी, दोर आणि पोरांना तरंगायला दिलेल्या हवेच्या रबरी ट्यूबा माळ्यावर टाकल्या. पोरं दारात आली तेव्हा त्यांना सांगितलं की आता तुमची काळजी खात्याने घेतली आहे, बाई सुटल्या. बेकरीवाल्याच्या थोरलीने विचारलं की म्हणजे तुम्ही कधीच येणार नाही का. मी म्हटलं, माझ्या भाचीला विचार. पोरगी सगळ्यांच्या मागून निघून गेली. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले.

आजवर सरकारी पाटी मी कधी ओलांडली नाही, या वयात ओलांडणार नाही. तुला खाली बघावं लागेल असं काही करणार नाही. एवढं पुरे.

लोभ नियमात बसेल तेवढा ठेवावा.

आत्या

१६ एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझ्या शेवटच्या ओळीवर मी आधी हसले आणि मग दिवसभर कशात मन लागलं नाही. बरेच दिवस झाले, तुझं पत्र नाही. बाबा सांगतात की आत्या दुपारची घरातच असते, लसूण सोलते आणि रेडिओशी भांडते. तू रेडिओशी भांडतेस म्हणजे तुला माझ्याशी भांडायचं आहे. मग भांड ना.

एक काम आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. आमच्या माणसाने कळवलं की खाणीच्या मागच्या अंगाला तार खालून वाकवली आहे. मी ती बांधून घेतली, पण पुन्हा वाकवतील. आमचा माणूस आठवड्यातून एकदा फेरी मारतो. त्याची मोटारसायकल लांबून ऐकू येते, त्यामुळे त्याला कधी कुणी सापडणार नाही. पोरं जातात का? तुझ्या फाटकावरूनच वाट आहे. तुला दिसत असेल तर मला दोन ओळी कळव. चुगली म्हणून नको. मला दुसरं कुणी खरं सांगणार नाही म्हणून.

माझ्यावर रुसलीस तरी चालेल, पण याचं उत्तर दे.

तुझी ठकी

९ मे

चि. ठकीस, आशीर्वाद.

तुला बातमी कळलीच असेल. तरी माझ्या हाताने लिहिते.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं नाही, मी दिलं नाही. पोरं जात होती. टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या फाटकावरून जायची आणि घराजवळ आली की बोलणं बंद करायची. मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, आता बघून घेतील खातेवाले. एकदा बेकरीवाल्याची थोरली फाटकाशी थांबली. मी बाहेर येईन असं तिला वाटलं असावं. मी लसूण सोलत बसले.

रविवारी ती गच्चीवर चढली. उन्हाने पाणी पार ओट्याच्याही खाली गेलं होतं. वरून पाणी नेहमीसारखंच हिरवं दिसतं, फसवतं. तिने उडी मारली आणि कमरेवर त्या खडकावर आपटली.

पोरं धावत माझ्याकडे आली. मी या गुडघ्याने पळत गेले, कशी गेले ते आठवत नाही. तुझ्या तारेखालून रांगत गेले, साडी फाटली. त्यांनी तिला काखेत धरून बाहेर ओढलं होतं आणि दगडाला टेकवून बसवलं होतं. बसवलं होतं, ठके. भल्यासाठीच केलं बिचाऱ्यांनी. मी तिथे असते तर कुणाला हात लावू दिला नसता. तिला आडवं केलं, मान धरून ठेवली, ती मला म्हणाली की बाई, पाय थंड पडलेत का बघा. पाय उन्हात होते, चांगले तापले होते.

डॉक्टर म्हणतात, जिवाचा धोका टळला. कमरेखालचं मात्र काही परत येईलसं वाटत नाही. मी उशाशी बसले होते, तेव्हा ती तिच्या आईला म्हणाली की बाई असत्या तर मला वर चढूच दिलं नसतं. माझ्यावर ठपका ठेवून नाही बोलली. साधी गोष्ट सांगावी तशी बोलली. आई माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी आणते म्हणून बाहेर आले.

गावाला वाटतं मी पोरांना उड्या मारायला शिकवत होते. खरं म्हणजे निम्मा वेळ मी त्यांना वरून खाली उतरवत होते. ते काम मी तुझ्यावरच्या रागाने सोडून दिलं.

आज आणखी लिहवत नाही.

आत्या

२ जून

ती. आत्यास, ठकीचा नमस्कार.

चौकशीसाठी मी येऊन गेले, हे तुला बाबांकडून कळलं असेल. गाडी तुझ्या घरावरूनच गेली. फाटक उघडं होतं, दोरीवर तुझी साडी वाळत होती. सोबत दोन साहेब होते. गाडी थांबवा एवढं म्हणायचं होतं, ते मला म्हणता आलं नाही. वळण गेल्यावर शब्द तोंडाशी आले.

बेकरीत गेले होते. मला वाटलं बेकरीवाला ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पिठाचे हात पुसले, मला बसायला स्टूल दिलं, पुढ्यात बिस्किटं ठेवली आणि विचारलं की मुलीची चाकांची खुर्ची दारातून आत घ्यायला उतार किती लांब लागतो, तुमच्या खात्यात याचं माप असेल ना. मी माप सांगितलं. त्याने ते भट्टीशेजारच्या भिंतीवर खडूने लिहून घेतलं. बिस्किट मला खाववेना आणि बशी मागे सारताही येईना.

आत्या, तुझ्या पत्रातला सगळा दोष तू एकटीने उचलू नकोस, माझा वाटा मला दे. मी ते कुंपण घातलं पोरांसाठी. पोरं त्याच्या खालून गेली. तिथे पाटी वाचून मागे फिरणारी तू एकटीच होतीस. म्हणजे सगळ्या गावातून मी अडवलं ते फक्त तुला.

खात्याच्या समितीपुढे मी लिहून मांडलं की खाण उन्हाळ्यात ठराविक वेळ उघडी ठेवावी, जाणतं माणूस नेमावं, पाण्याच्या खोलीच्या खुणा कराव्यात, गच्चीकडची वाट तेवढी कायमची तोडावी. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं की पुढचा अपघात कुणाच्या नावावर धरायचा. तो प्रश्न माझाही होता, कारण त्या आईला चपला धरून बसलेली मी अजून बघते. ठराव झाला की खाण भरावाने बुजवून टाकायची. विरोधात माझा एकटीचा हात वर होता. शेजारच्यांनी तो हळूच खाली घ्यायला सांगितला.

तू मला पत्रात ओरड, पण पत्र लिही. त्याच्याशिवाय मला करमत नाही.

तुझी ठकी

१४ सप्टेंबर

चि. ठकीस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, पण या वेळी रुसवा नव्हता. लिहायला बसलं की हात थांबायचा.

खाण बुजली. पाडलेल्या घरांचं डबर घेऊन ट्रक येत होते, विटा, फरशा, मोडकी चौकट, एकदा तर अख्खी मोरी. सुरुवातीला पाणी पडेल ते सगळं गिळायचं. मग एक दिवस गिळेनासं झालं. शेवटी गच्ची जमिनीच्या पातळीला आली आणि तिच्यावर एक बकरी उभी होती. मी फार वेळ थांबले नाही. आता वाढत्या वयाची पोरं संध्याकाळी मोटारसायकली घेऊन हमरस्त्यावर जातात. तिथे काय करतात ते मी विचारते, ती सांगत नाहीत.

बेकरीवाल्याच्या थोरलीचं सांगते. तिला पाण्यात व्यायाम सांगितलाय, म्हणून तिचा बाप पावाच्या गाडीतून आम्हा दोघींना शहराच्या तरणतलावावर नेतो. मला आत जायला डॉक्टरचा दाखला लागला. रबरी टोपीत माझं डोकं सोललेल्या अंड्यासारखं दिसतं असं पोरगी म्हणते. तिथला जीवरक्षक माझ्या विद्यार्थ्याच्या मुलाएवढा आहे आणि मला शिट्टी मारतो. मी मुकाट ऐकते. तुझ्या बापाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटेना.

तिला पाठीवर तरंगायला शिकवते. पाय साथ देत नाहीत, पण छाती भरून श्वास घेतला की पाणी तिला धरतं. काल ती अगदी स्थिर होती. म्हणाली की बाई, आता हात काढा. पाणी माझ्या छातीएवढं, जीवरक्षक दोन हातांवर, सगळं तुझ्या खात्याला पटेल असं. आणि ठके, माझा हात निघेना. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या पोरांच्या पाठीखालून हात काढला, कधी विचार केला नाही. तिने पुन्हा सांगितलं. मी काढते, काढते म्हणत राहिले, आणि वेळ संपल्याची घंटा झाली.

परतताना ती गाडीत माझ्याशी बोलली नाही. बोटं आखडली होती असं मी तिच्या बापाला सांगितलं. तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं की बोटं नाही, बाई भ्यायल्या.

खरं आहे ते. तिला यापुढे एवढीच एक जागा आहे जिथे ती कुणाच्या आधाराशिवाय राहू शकते, आणि तिथे मी तिला धरून ठेवते आहे.

शनिवारी ये. तुझं-माझं काय चुकलं ते बोलायला नको, ते दोघींना पाठ झालंय. तू पाण्यात माझ्या शेजारी उभी राहा. मी तिच्या पाठीखालचा हात काढला नाही, तर तू माझं मनगट धरून काढ. तुलाही भीती वाटेल, मला माहीत आहे. दोघी मिळून भिऊ, पण पोरीला सोडू.

टोपी बरोबर आण, टोपीशिवाय आत घेत नाहीत.

वाट बघणारी,
तुझी आत्या