मस्कतचं पान

सीब, ओमान
५ मे २०२५

हारूनभाई, सलाम.

तुझं पार्सल पोचलं. इथं सगळं बरं आहे. ऊन भाजून काढतंय, अम्मीचे गुडघे तसेच, माझ्या मुआजची परीक्षा संपली. झाली खुशाली. आता मी भांडणार आहे.

मुंबईच्या प्रदर्शनासाठी तू नेलेला अब्बांचा अल्बम उघडला. तुझ्या त्या तज्ज्ञानं तो म्हणे मूळ रूपात आणला. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, ‘सतराव्या शतकातली बंदरांची छापील चित्रं. नंतर कुणीतरी घातलेली भर काढून टाकली आहे.’

कुणीतरी म्हणजे आपले अब्बा. मस्कतमधल्या हमरियाच्या दुकानात त्यांनी जन्मभर लोकांच्या तसबिरी मढवल्या, पण घरात नमाज होते म्हणून आपल्या भिंतीवर एक चित्र लावलं नाही. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या गिऱ्हाइकानं त्यांना हा अल्बम दिला, आणि आपल्या घराला जे काही चित्र म्हणून होतं ते त्याच्याच पानांत राहिलं.

आणि मूळ म्हणजे काय रे? ती बंदरंसुद्धा कुणा शौकिनानं पुस्तकांतून कापून चिकटवलेलीच ना? त्याची कात्री शहाणी आणि अब्बांची अडाणी? मस्कत काढणाऱ्यानं तर मस्कत पाहिलंही नसावं. किल्ल्यामागे त्यानं दाट झाडी दाखवलीय. ते चित्र बघून बघून मीही शाळेत मस्कतमागे झाडी काढायचे, खिडकीतून उघडाबोडका डोंगर दिसत असताना.

ती खोटी झाडी तुझ्या तज्ज्ञानं जपली. त्याच चित्रातल्या धक्क्यावर अब्बांनी फोटो कापून चिकटवलेली आपली मुनिबा तेवढी पाणी लावून सोडवली.

फोटो कुठंय विचारलं, तर काल तुझा मेसेज आला, ‘सोडवताना विरला, सॉरी.’ चार वर्षांची पोर तापानं गेली. तिचा तेवढा एकच फोटो होता, भाई. तू तिला खांद्यावर घेऊन मत्रहच्या धक्क्यावर हिंडायचास, म्हणून तर अब्बांनी तिला तिथं बसवली. ‘ही माझी बहीण, हिला हात लावू नका,’ एवढं त्या माणसाला सांगायला तुझी जीभ का रेटली नाही? बड्या लोकांत ती शोभली नसती?

दर ईदला नमाज झाली की अम्मी म्हणते, “रईसा, माज्या मुनिबाचा पान काढ गो.” ईद महिन्यावर आलीय. मी ते पान काढणार नाही. तू ये आणि तुझ्या हातानं तिला उघडून दाखव. रजा नाही, तिकीट नाही, मला काही सांगू नकोस.

पुस्तिकेत आपल्या घराची ओळखही छापलीय, ‘मुलगा हारून आणि धाकटी मुलगी रईसा.’ ही माहिती तूच दिलीस. मी धाकटी नाही.

तुझी मधली बहीण,
रईसा