मेलेली म्हणून लिहिलेली झुडपं

१४ तारीख, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. वहिनीचा खोकला कसा आहे? तू अजून गोळ्या विसरतोस का? ऑफिसातल्या माझ्या खुर्चीचा मोडका पाय अखेर बसवला.

उतारावरची पिवळीची झुडपं फुलली का, असं तू तीन पत्रांत विचारलंस. मी दर वेळी खोकल्याची चौकशी करून वेळ मारून नेली. कळ्या आल्यात, दादा. खडकाच्या भेगाभेगांतून, सूर्यफुलाच्या बाळांसारख्या. वीस वर्षं वनरक्षक म्हणून तो उतार तुडवलास, पण एवढ्या तूही पाहिल्या नसशील.

आता खरं लिहिते. तिथे दगडाची खाण होणार आहे. मंजुरीआधी तिथली झाडंझुडपं नोंदवायला ऑफिसातून मलाच पाठवलं होतं, भर उन्हाळ्यात. तेव्हा झुडपं म्हणजे नुसत्या काटक्या. नखाने साल खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत, हे तूच शिकवलंस. पण ड्रायव्हर घाई करत होता, ऊन सोसवत नव्हतं. मी वर चढलेच नाही. जीपपाशी उभी राहून लिहिलं, ‘सर्व झुडपे मृत’, आणि सही ठोकली.

महिन्यापूर्वी पालवी दिसली तशी साहेबांकडे धावले. त्यांनी शांतपणे फाइल उघडली. म्हणाले, “बाई, मेलेली तुम्हीच लिहिलीत. आता जिवंत कशी झाली?” आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. फक्त पाय झुडपांचे.

तीन अर्ज केले. उत्तर एकच, मंजुरी झाली. चार रोपं उपटून कुंड्यांत लावली. मुळं भेगेत हातभर खोल, ती तुटली. आठवड्यात चारही वाळली. बी गोळा करावं तर फुलल्यावर ते धरायला महिना लागतो, आणि यंत्रं येत्या गुरुवारी येतायत. ही पिवळी दुसरीकडे कुठे आपण कधी पाहिली नाही. रोज कामावरून सुटले की तिथे जाऊन उभी राहते. उभं राहून काय होतं?

महिनाअखेरीस फुलं बघायला येतो म्हणालास. तोवर उतारच नसेल. येऊ नकोस, असं लिहायला बसले होते. पण ये. मला चार शब्द सुनवायला ये. इथे कुणीच रागावत नाही. सगळे समजूत घालतात, झुडपंच तर होती म्हणून.

तुझ्या रागाची वाट बघणारी,
धाकटी